उच्च शिक्षणातील अध्ययन तंत्रज्ञान : पोहोचणे आणि शिकणे

उपग्रह, दूरचित्रवाणी, संगणक आणि आता भ्रमणध्वनी अशा एकामागून एक साधनांच्या द्वारे आपल्या देशाने उच्च शिक्षण दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत नेण्याचे प्रयत्न केले. या प्रयत्नांनी काय साधले, काय निसटले आणि का निसटले, याचा एका अध्यापकाच्या अनुभवाच्या आधारे घेतलेला हा आढावा.

प्रस्तावना

तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवीत असतानाची ही गोष्ट. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावरील बारा आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमासाठी नावे नोंदविली. नामवंत संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने, तीही विनामूल्य, घरबसल्या ऐकावयास मिणार म्हणून पहिल्या आठवड्यात उत्साह मोठा होता. चौथ्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा बहुतेकांनी चित्रफिती पाहणे सोडून दिले होते. एक विद्यार्थिनी मात्र टिकून होती. तिच्या वाडीवर नेटवर्क मिळत नसे. म्हणून ती एस. टी.ची वाट पाहताना बसस्थानकावर व्याख्याने उतरवून घेई आणि रात्री घरी पाही. अडते कुठे, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘‘सर, ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. पण खरंच समजलं का, हे विचारायला कोणी नसतं.’’

उच्च शिक्षणातील तंत्रज्ञानाचा विचार करताना हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. व्याख्यान तिच्यापर्यंत पोहोचले होते. शिक्षण पूर्णपणे पोहोचले नव्हते. या दोहोंतील अंतर कशामुळे निर्माण होते आणि ते कसे कमी करता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने या क्षेत्रातील योजना, वर्षे आणि संस्था माहीत असणे आवश्यक आहेच. परंतु त्यांचे मूल्यमापन करता येणे हे त्याहून महत्त्वाचे आहे.

अध्ययन तंत्रज्ञान : संकल्पना

अध्ययन तंत्रज्ञान म्हटले की संगणक, पडदा, आंतरजाल अशी यंत्रसामग्री डोळ्यांपुढे उभी राहते. विश्लेषणाच्या सोयीसाठी मात्र या संकल्पनेचे तीन स्तर वेगळे करावे लागतात. पहिला स्तर वहनाचा, म्हणजे आशय एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणाऱ्या साधनांचा. टपाल, नभोवाणी, उपग्रह आणि आंतरजाल ही सर्व या स्तरातील साधने होत. दुसरा स्तर आशयाचा : पाठ, चित्रफिती, प्रश्नसंच, आभासी प्रयोग. तिसरा स्तर अध्ययनकृतीचा. विद्यार्थी त्या आशयाचे काय करतो, कोणता प्रश्न सोडवितो, चुकल्यावर त्याला कोण व केव्हा सांगतो, हे या स्तरात येते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली असे प्रतिपादन केले होते की, माध्यम हे केवळ वाहन असते; धान्य आणणाऱ्या मालमोटारीमुळे जसे आपले पोषण बदलत नाही, तसेच केवळ माध्यमामुळे शिकण्याचा दर्जा बदलत नाही. या मताला रॉबर्ट कोझ्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी उत्तर दिले. माध्यमाचे विशिष्ट गुणधर्म काही कृती शक्य करतात आणि त्यामुळे शिकण्यात फरक पडू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. या वादाचा तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य होती : अध्यापनाची रचना केल्यावाचून साधन स्वतःहून शिकवीत नाही. आपल्या देशातील अनुभव हेच सांगतो.

वाटचाल : टपालापासून स्वयम्‌पर्यंत

भारतात विद्यापीठीय दूरशिक्षणाचा प्रारंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केलेल्या पत्रद्वारा अभ्यासक्रमांपासून झाला. छापील पाठ टपालाने पाठवावयाचे आणि सोडविलेले स्वाध्याय टपालानेच परत मागवावयाचे, अशी ती पद्धत होती. १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेच आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये संसदेच्या अधिनियमान्वये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले.

दृक्‌श्राव्य माध्यमाच्या वापराचा पहिला मोठा प्रयोग ग्रामीण भागासाठी होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. यासाठी अमेरिकेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह वापरण्यात आला होता. उच्च शिक्षणात असा वापर १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला. इन्सॅट-१ बी उपग्रहाच्या साहाय्याने विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. लहान शहरांतील पदवीच्या विद्यार्थ्याला उत्तम आशय मिळावा, हा त्याचा हेतू होता. कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी निरनिराळ्या विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभारण्यात आली आणि त्यांच्या समन्वयासाठी १९९३ मध्ये ‘कन्सोर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन’ ही संस्था स्थापन झाली. २००० मध्ये प्रजासत्ताकदिनी ‘ज्ञानदर्शन’ ही शैक्षणिक वाहिनी आणि २००१ मध्ये ‘ज्ञानवाणी’ ही एफ. एम. नभोवाणी सेवा सुरू झाली.

‘कंट्रीवाइड क्लासरूम’चे कार्यक्रम अभ्यासक्रमाशी थेट बांधलेले नव्हते, विद्यार्थ्याची जाण समृद्ध करणे हा त्यांचा उद्देश होता. हा हेतू उदात्त होता, पण परीक्षेच्या चौकटीत वावरणाऱ्या विद्यार्थ्याला आणि वेळापत्रकाने बांधलेल्या महाविद्यालयाला त्यासाठी जागा काढणे अवघड गेले. शिवाय सुरुवातीच्या काळात बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत असत. ज्या लहान शहरातील विद्यार्थ्यासाठी ही योजना होती, त्याच्याच कानाला ती भाषा परकी होती.

एज्युसॅटचा धडा

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून जी.एस.एल.व्ही. प्रक्षेपकाद्वारे एज्युसॅट हा उपग्रह अवकाशात पाठविण्यात आला. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा भारताचा पहिला उपग्रह होय. त्यापूर्वी इन्सॅट-३ बी या उपग्रहाच्या साहाय्याने कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, मध्य प्रदेशातील राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि महाराष्ट्रातील यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ येथे पथदर्शी प्रकल्प राबविण्यात आले होते. एज्युसॅटचे वैशिष्ट्य असे की, त्यावर राष्ट्रीय प्रक्षेपणाबरोबरच देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांसाठी स्वतंत्र प्रक्षेपणाची सोय होती. काही केंद्रांवर कार्यक्रम केवळ पाहता येई, तर काही केंद्रांवरून विद्यार्थी व्याख्यात्याला प्रश्नही विचारू शकत. दूरचित्रवाणीची एकतर्फी मर्यादा ओलांडण्याचे तांत्रिक सामर्थ्य अशा रीतीने उपलब्ध झाले. २०१० मध्ये या उपग्रहाची सेवा संपुष्टात आली.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये या कार्यक्रमाची कामगिरी तपासली, तेव्हा जमिनीवरील जाळी उभारण्यास झालेला विलंब, क्षमतेचा अपुरा वापर आणि आशयनिर्मितीतील उणिवा समोर आल्या. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उपग्रह उत्तम होता. अडचण होती ती जमिनीवर. केंद्रात उपकरणांची देखभाल कोण करील, प्रक्षेपणाची वेळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकात कशी बसेल, प्रक्षेपणानंतर विद्यार्थ्यांशी चर्चा कोण करील, या प्रश्नांची उत्तरे उपग्रह सोडण्यापूर्वी तयार असावयास हवी होती. वहनाचा स्तर आधी, आशयाचा नंतर आणि अध्ययनकृतीचा सर्वांत शेवटी, हा क्रम आपल्या अनेक योजनांत दिसतो. जो स्तर शेवटी येतो, त्याच्या वाट्याला वेळ आणि निधी दोन्ही कमी येतात.

राष्ट्रीय मिशन आणि स्वयम्

आंतरजालाचा प्रसार झाल्यावर आशयाची उपलब्धता हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. २००३ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ हा कार्यक्रम सुरू केला. अभियांत्रिकी व विज्ञानातील संपूर्ण अभ्यासक्रमांची व्याख्याने त्याद्वारे खुली झाली. २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन हाती घेण्यात आले. आभासी प्रयोगशाळा, पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची ‘ई-पीजी पाठशाला’ आणि अध्यापक प्रशिक्षण असे विविध उपक्रम या मिशनमधून उभे राहिले.

९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या मंचाचे आणि ‘स्वयम् प्रभा’ या उपग्रहाधारित वाहिन्यांच्या समूहाचे उद्‌घाटन झाले. ‘स्वयम्’वरील प्रत्येक अभ्यासक्रमाची रचना चार भागांत असते : चित्रफितीतील व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकांसाठी चर्चापीठ. अभ्यासक्रम विनामूल्य असतो. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून निरीक्षकांच्या उपस्थितीत परीक्षा द्यावी लागते. ‘स्वयम् प्रभा’ची सुरुवात ३२ वाहिन्यांनी झाली. आंतरजाल नसलेल्या घरातही छतावरील तबकडीद्वारे हे कार्यक्रम पाहता यावेत आणि दिवसातून अनेकदा पुनःप्रक्षेपण होऊन विद्यार्थ्याला सोयीची वेळ निवडता यावी, अशी ही योजना आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या पदवीत जमा करण्याची मुभा दिली. एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम अशा प्रकारे पूर्ण करता येत. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. परीक्षार्थी हा तपशील सहसा पाठ करतात. त्यांचे सहसा दुर्लक्ष होते ते त्याच २०१६ च्या विनियमांतील आणखी एका तरतुदीकडे. विद्यार्थी ज्या संस्थेत शिकतो, तिने अशा अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक अध्यापक नेमावा आणि प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय या सुविधा विनाशुल्क उपलब्ध करून द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. ‘एनपीटेल’नेही महाविद्यालयांत स्थानिक शाखा सुरू करून तेथील अध्यापकांना मार्गदर्शकाची भूमिका दिली आहे. माझ्या विद्यार्थिनीला जो माणूस भेटत नव्हता, त्याची जागा नियमाने निश्चित केलेली होती. ती जागा भरण्याचे काम आमचे, म्हणजे महाविद्यालयातील अध्यापकांचे होते.

जागतिक अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील खुल्या अभ्यासक्रमात सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नोंदणी केली आणि महाकाय खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट आली. परंतु नोंदणी करणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे फारच थोडे असतात, हे लवकरच स्पष्ट झाले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने पायाभूत गणितासारखे विषय खासगी ऑनलाइन मंचाच्या साहाय्याने शिकवून पाहिले. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा बरेच कमी आले आणि प्रयोग काही काळ थांबविण्यात आला. त्या विद्यार्थ्यांत पूर्वी अनुत्तीर्ण झालेले आणि घरी संगणकही नसलेले विद्यार्थी होते.

अशा अभ्यासक्रमांचा सर्वाधिक लाभ ज्यांनी आधीच शिक्षण घेतले आहे, ज्यांना स्वतःहून शिकण्याची सवय आहे, त्यांना होतो. ज्यांची पायाभूत तयारी कच्ची आहे, त्यांना अधिक आधार लागतो. म्हणजेच आधाराची रचना न करता तंत्रज्ञान सर्वांना सारखेच खुले केले, तर विषमता घटण्याऐवजी वाढण्याचा संभव असतो. समान संधी आणि समन्यायी संधी यांतील फरक निबंधाच्या प्रश्नपत्रिकेत स्पष्ट करावयाचा असेल, तर हे उदाहरण उपयोगी पडेल.

वर्गातून शिकलेल्या गोष्टी

मार्च २०२० नंतर टाळेबंदीच्या काळात देशभरातील अध्यापकांप्रमाणे मीही पडद्यापुढे बसून शिकवू लागलो. त्या वेळची माझी चूक येथे नमूद करणे आवश्यक आहे. वर्गातील पन्नास मिनिटांचे व्याख्यान मी जसेच्या तसे पडद्यावर नेले. विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद असत. कोणाचा विदा-पॅक संपत असे, कोणाच्या घरी एकच भ्रमणध्वनी तीन भावंडांत वाटलेला असे. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो सर’ असे उत्तर येई आणि मी पुढे जाई. सत्राअखेरीस उत्तरपत्रिका पाहिल्या तेव्हा त्या ‘हो’चा अर्थ कळला. समजले का, असे विचारून समजले की नाही ते कळत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला काही करावयास द्यावे लागते.

त्यानंतर महाविद्यालय पूर्ववत सुरू झाल्यावर आम्ही व्यवस्था बदलली. ‘स्वयम्’चा अभ्यासक्रम घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी दर गुरुवारी एक तासिका वेळापत्रकात ठेवली. त्या तासिकेत मी व्याख्यान देत नसे. आठवड्याच्या चित्रफितीतील एक उदाहरण फळ्यावर मांडून प्रत्येकाने आधी एकट्याने ते सोडवावयाचे, मग शेजाऱ्याशी उत्तर ताडून पाहावयाचे आणि शेवटी सर्वांपुढे चर्चा करावयाची, असा क्रम होता. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘विचार करा, जोडीने बोला, सर्वांना सांगा’ ही पद्धत ती हीच. तिला यंत्र लागत नाही. पण चित्रफितीमुळे वर्गातील वेळ मोकळा झाला म्हणूनच ती शक्य झाली, हेही तितकेच खरे. वर उल्लेखिलेली विद्यार्थिनी त्या तासिकेला येऊ लागली. तिच्या चुका तिच्या एकटीच्या नाहीत, हे तिला तेथे प्रथम दिसले. अभ्यासक्रम सोडून दिलेले काही विद्यार्थीही परतले. शेवटच्या परीक्षेला ते सर्व बसले नाहीत. परंतु जे बसले त्यांच्यापैकी बहुतेक जण गुरुवारच्या तासिकेला नियमित येणारे होते.

या अनुभवातून तीन गोष्टी हाती आल्या. पहिली गोष्ट वेळेची. तंत्रज्ञानाने अध्यापकाचा वेळ वाचतो, हा समज अपुरा आहे. व्याख्यानाचा वेळ वाचतो, पण प्रश्न तयार करणे, स्वाध्याय तपासणे, मागे पडलेल्याशी बोलणे यांचा वेळ वाढतो. अध्यापकाच्या कार्यभारात हे काम मोजले गेले नाही, तर ते उत्साही माणसाच्या खांद्यावर पडते आणि त्याची बदली झाली की बंद पडते.

दुसरी गोष्ट भाषेची. विद्यार्थ्याला पारिभाषिक संज्ञा इंग्रजीत आल्या तरी चालतात. त्यामागील तर्क मात्र त्याच्या भाषेत यावा लागतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने हा भेद नेमका ओळखला. सुमारे दहा मिनिटांच्या त्यांच्या पाठांत संगणकाच्या पडद्यावरील मजकूर इंग्रजीतच राहतो, पण निवेदन भारतीय भाषांत असते. विद्यार्थी पाठ थोडा पाहतो, थांबवितो आणि तीच कृती स्वतःच्या संगणकावर करून पाहतो. आंतरजालाशिवायही हे पाठ वापरता येतात. वहन, आशय आणि कृती या तिन्ही स्तरांचा एकत्र विचार केला म्हणजे काय साधते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरी गोष्ट अध्यापकांच्या प्रशिक्षणाची. राष्ट्रीय मिशनअंतर्गत याच संस्थेने एकाच वेळी हजार आणि पुढे दहा हजार अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम राबविला. त्यात व्याख्याने मुंबईहून थेट प्रक्षेपित होत, पण देशभरातील दूरस्थ केंद्रांवर सरावाची सत्रे स्थानिक समन्वयक घेत आणि त्या समन्वयकांना आधी स्वतंत्रपणे प्रशिक्षित केले जाई. तंत्रज्ञानाने मोठा विस्तार साधला. जवळच्या माणसाने त्या विस्ताराला अर्थ दिला.

साधनांची विषमता

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि २३.८ टक्के कुटुंबांना आंतरजालाची सुविधा उपलब्ध होती. ग्रामीण भागात संगणकाचे प्रमाण ४.४ टक्के, तर शहरी भागात २३.४ टक्के होते. आंतरजालाच्या बाबतीत ही टक्केवारी अनुक्रमे १४.९ आणि ४२.० अशी होती. टाळेबंदीच्या उंबरठ्यावरची स्थिती समजून घेण्यासाठी हे आकडे महत्त्वाचे आहेत. त्यानंतर स्वस्त विदा आणि भ्रमणध्वनी यांचा प्रसार वेगाने झाला आहे. तथापि, पाच इंची पडद्यावर व्याख्यान पाहता येते. आधारसामग्रीचे कोष्टक तयार करणे किंवा प्रकल्प-अहवाल लिहिणे त्यावर कठीण जाते. त्यामुळे ‘आंतरजाल आहे की नाही’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या साधनावर, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने’ हे प्रश्नही विचारावे लागतात. घरातील एकमेव भ्रमणध्वनी संध्याकाळी भावाच्या हाती असेल, तर बहिणीचे नाव नोंदणीत दिसते. तिचे शिकणे मात्र अर्धवट राहते.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मूल्यमापन

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि उच्च शिक्षणापुढे नवा प्रश्न उभा राहिला. शंका विचारायला कोणी नसते, ही माझ्या विद्यार्थिनीची अडचण आता यंत्र सोडवील काय? काही प्रमाणात निश्चितच सोडवील. मध्यरात्री विचारलेल्या प्रश्नाला, मराठीतसुद्धा, उत्तर मिळू शकते. परंतु ते उत्तर आत्मविश्वासाने दिलेले आणि तरीही चुकीचे असू शकते. ते चूक आहे हे ओळखण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच मिळविण्यासाठी विद्यार्थी प्रश्न विचारीत असतो.

मूल्यमापनावर याचा परिणाम अधिक गंभीर आहे. घरी लिहून आणलेला स्वाध्याय हा विद्यार्थ्याच्या आकलनाचा पुरावा मानणे आता कठीण झाले आहे. यावर केवळ बंदी किंवा नक्कल ओळखणारी यंत्रे हा उपाय पुरेसा नाही. स्वाध्यायावर पाच मिनिटांची तोंडी चर्चा, कच्च्या मसुद्यांचे टप्पे पाहणे, स्थानिक आधारसामग्रीवर आधारलेले प्रकल्प या जुन्याच पद्धती पुन्हा महत्त्वाच्या ठरत आहेत. यासाठीही पुन्हा अध्यापकाचाच वेळ लागतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षणासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे उत्कृष्टता केंद्र ५०० कोटी रुपये खर्चून उभारण्याची आणि भारतीय भाषांतील पुस्तके अंकीय स्वरूपात उपलब्ध करून देण्याची घोषणा झाली. अशा गुंतवणुकीचा लाभ तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत जाण्यासाठी एज्युसॅटचा धडा विसरून चालणार नाही.

धोरणात्मक दिशा

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातील नोंदणी सुमारे ४.३३ कोटी, तर स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे आहे. केवळ इमारती बांधून हे साधणार नाही, त्यामुळे तंत्रज्ञानाला पर्याय नाही, हे मान्य केले पाहिजे. धोरणाने राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंचाची कल्पना मांडली, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्ययनाचा आराखडा चर्चेसाठी प्रसिद्ध केला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना होती. या दिशेने जाताना पुढील बाबींचा विचार व्हावा :

१. ‘स्वयम्’ अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शकाचे काम अध्यापकाच्या अधिकृत कार्यभारात धरले जावे.

२. अशा अभ्यासक्रमांसाठी महाविद्यालयाच्या वेळापत्रकात साप्ताहिक तासिका असावी आणि संगणक कक्ष सायंकाळीही खुला राहावा.

३. यशाचे मोजमाप नोंदणीच्या संख्येने न करता, किती विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यांत ग्रामीण विद्यार्थी व विद्यार्थिनी किती, या निकषावर करावे.

४. भाषांतर यंत्राने केले तरी त्याची तपासणी विषय शिकविणाऱ्या अध्यापकाकडून व्हावी.

५. कमी वेगाच्या जोडणीवर व जोडणीशिवाय वापरता येईल आणि दृष्टिबाधित व श्रवणबाधित विद्यार्थ्यांनाही घेता येईल, असाच आशय सार्वजनिक निधीतून तयार व्हावा.

समारोप

टपालाचे पाठ, उपग्रहाचे प्रक्षेपण, आंतरजालावरील व्याख्यान आणि उत्तर देणारे यंत्र यांपैकी प्रत्येक साधनाने स्थळाचे अंतर कमी केले, यात शंका नाही. बसस्थानकावर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात आज देशातील उत्तम प्राध्यापकाचे व्याख्यान असते, ही लहान गोष्ट नव्हे. तिच्या आधीच्या पिढीला ते मिळाले नव्हते. आता उरलेले अंतर लहान आहे, पण ते उपग्रहाने ओलांडता येत नाही. ‘समजलं का’ हे विचारणारा, उत्तराची वाट पाहणारा आणि चूक दाखवून पुन्हा प्रयत्न करावयास लावणारा अध्यापक तिच्याच महाविद्यालयात असतो. त्याला वेळ, प्रशिक्षण आणि मान्यता देणे हा तंत्रज्ञानावरील खर्चाचाच भाग समजला गेला पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. ‘‘उच्च शिक्षणातील तंत्रज्ञानविषयक योजनांत वहनाला प्राधान्य मिळाले, अध्ययनकृतीला मिळाले नाही.’’ कंट्रीवाइड क्लासरूम आणि एज्युसॅट यांच्या संदर्भात या विधानाची चिकित्सा करा.

२. ‘स्वयम्’ मंचाची रचना स्पष्ट करून २०१६ व २०२१ च्या विनियमांतील श्रेयांकविषयक तरतुदींची तुलना करा.

३. अंकीय दरी ही केवळ साधनांची दरी आहे काय? लिंगभाव, भाषा आणि प्रदेश यांच्या आधारे विवेचन करा.

४. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात उच्च शिक्षणातील मूल्यमापनाचे स्वरूप कसे असावे, यावर सुमारे २५० शब्दांत आपले मत मांडा.